बास गरवायला कोणती लाइन? 12 पौंडी फ्लोरोच्या गुंत्याचं उत्तर

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी मूळचा रेवदंड्याचा, गेली 4 वर्षं टेक्ससमध्ये, डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. लहानपणी खाडीवर तंगुसाची दोरी बोटाला गुंडाळून गरवायचो. रॉड कधी हातात धरला नव्हता. यंदा 11 वर्षांच्या मुलाचा हट्ट म्हणून, बास हा गोड्या पाण्यातला मासा गरवायला, 7 फुटी मीडियम स्पिनिंग रॉड आणि 2500 साइजचं रीळ घेतलं. दुकानात सांगितलं, ‘बाससाठी फ्लोरोकार्बनच घ्या, माशाला दिसत नाही.’ म्हणून 12 पौंडी, म्हणजे 12 पौंडांच्या ताणाला तुटणारी, फ्लोरो काठोकाठ भरून घेतली. लेक फोर्क तलावावर पहिल्याच दिवशी रिळातून वेटोळी उड्या मारत बाहेर यायला लागली. दोन मोठे गुंते कापून टाकावे लागले. दोन बास लागले, दोन्ही तोडून गेले: एक बुडालेल्या झाडांत, दुसरा अगदी बोटीपाशी. मोनो, फ्लोरो, ब्रेडेड यांतलं नेमकं काय घ्यावं, आणि किती पौंडी? तीन प्रकारांसाठी तीन रॉड घेणं आम्हाला जमणार नाही.
— एक वाचक, फ्रिस्को

उत्तर:

तीन रॉड नकोत, एकच पुरेल. रिळावरची फ्लोरो उतरवा. तिच्या जागी 15 पौंडी ब्रेडेड भरा आणि तिच्या टोकाला साधारण दीड मीटर 10 पौंडी फ्लोरोचा लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळा तुकडा, जोडा. तुमच्या रॉडवर आणि लेक फोर्कसारख्या पाण्यात बासची निम्म्याहून जास्त कामं एवढ्यावर होतात. मात्र नुसती लाइन बदलून भागणार नाही. तुमच्या पत्रावरून वाटतं की एक मासा लाइनच्या निवडीमुळे नव्हे, तर गाठीमुळे किंवा ड्रॅगमुळे (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा रिळातला ब्रेक) गेला. ते खाली येईलच.

आधी तुमची वेटोळी. दुकानदार अगदीच खोटं बोलला नाही, पण त्यानं रीळ बघितलं नाही. 12 पौंडी फ्लोरो जाडीला साधारण 0.33 मिलिमीटर असते आणि मोनोपेक्षा ताठ असते. 2500 साइजच्या रिळाचं स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायचा नळा, लहान; त्यावर ही ताठ तार घट्ट वळसे घेऊन बसते आणि त्याच वळशांचा आकार धरून ठेवते. स्पिनिंग रिळात स्पूल फिरत नाही, लाइन त्याच्या काठावरून सुटून जाते. बेल (लाइन अडवून धरणारी तारेची कडी) उघडली की अडकवलेली स्प्रिंग मोकळी व्हावी तसे ते वळसे एकदम उसळतात. त्यातून स्पूल काठोकाठ भरलेलं, म्हणजे त्यांना अडवायला काठही उरलेला नव्हता. स्पिनिंग रिळावर संपूर्ण फ्लोरो भरायचीच असेल तर 6 किंवा 8 पौंडी, फार तर 10. बारा पौंडी आणि पुढची फ्लोरो बेटकास्टर या दुसऱ्या प्रकारच्या रिळासाठी, कारण तिथे स्पूल स्वतः फिरतं.

‘दिसत नाही’ हेही अर्धंच खरं. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) 1.33, फ्लोरोचा 1.42 आणि नायलॉनचा 1.5 च्या पुढे. फ्लोरो पाण्याच्या जास्त जवळ आहे, म्हणून ती कमी चमकते, पण अदृश्य होत नाही. नितळ पाण्यात, भर उन्हात, हळू चालवलेल्या आमिषाला याचा फायदा होतो. पाणी चहासारखं असेल, किंवा आमिष धडधडत जाणारं असेल, तर बासला लाइनकडे बघायला सवड नसते. फ्लोरोची खरी किंमत दुसऱ्या दोन गुणांत आहे: ती बुडते, आणि खोडाला घासली तर नायलॉनपेक्षा जास्त टिकते.

इथे तिन्ही लाइनचा स्वभाव सांगायला हवा, कारण पौंडाच्या आकड्यापेक्षा तोच जास्त कामाचा आहे.

तुमचं तंगूस म्हणजेच मोनो, नायलॉनचा एकच सलग तंतू. तिची घनता पाण्याहून जराशीच जास्त, सुमारे 1.14, त्यामुळे ती अगदी सावकाश बुडते. तोडायच्या ताणापर्यंत ओढली तर ती मूळ लांबीच्या पाचव्या हिश्शाइतकी, कधी त्याहूनही जास्त लांबते. हा दोषही आहे आणि गुणही. लांबवर मासा लागल्यावर तुम्ही रॉड मारता, म्हणजे झटक्यात खेचता, त्यातला बराचसा जोर ताणण्यातच जिरतो आणि गळ तोंडात रुतत नाही. उलट मासा बोटीपाशी एकदम उसळला तर तीच लवचीकता धक्का पचवते. नायलॉन पाणी शोषतं आणि भिजल्यावर थोडं कमजोर होतं. ऊनही त्याला खातं.

फ्लोरोचा कच्चा माल वेगळा, पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक. जपानच्या कुरेहा कंपनीनं 1971 मध्ये त्याची मासेमारीची लाइन बाजारात आणली. घनता 1.78, म्हणजे चांगलीच बुडते. पाणी शोषत नाही, ऊन सहज सोसते. ती ताणली जात नाही असं दुकानात सांगतात, ते चूक आहे. जोराच्या ताणाखाली तीही बरीच ताणते, फक्त हलक्या ताणाखाली मोनोपेक्षा कमी. मात्र एकदा जास्त ताणली गेली की पूर्ववत होत नाही, तिथे कमजोर राहते. खोडात अडकलेला गळ रॉडनं खेचून खेचून सोडवलात, तर पुढचे दोन मीटर कापून टाका.

ब्रेडेड म्हणजे अतिशय मजबूत पॉलिथिनचे बारीक तंतू विणून केलेली वेणी, 4 किंवा 8 पदरांची. घनता 0.97, म्हणून ती तरंगते. ताण नाममात्र. सगळ्यात मोठा फरक जाडीत आहे: 15 पौंडी ब्रेडेड साधारण 4 पौंडी मोनोइतकी बारीक असते, 30 पौंडी ब्रेडेड 8 पौंडी मोनोइतकी. म्हणून ती लांब जाते, वेटोळी धरत नाही आणि लहान स्पिनिंग रिळावर शहाण्यासारखी वागते. दोष असे: पाण्यात स्पष्ट दिसते, गाठीत घसरते, आणि ताणलेली असताना खडक, काँक्रीट किंवा खोडाच्या कडेला घासली तर क्षणात तुटते. हा शेवटचा दोष झाकायलाच लीडर लागतो.

जोडीत घेतलं की एकीची उणीव दुसरी भरते. रिळाशी ब्रेडेड, माशाशी फ्लोरो.

आता भरणं. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. ब्रेडेड नुसती स्पूलला बांधली तर ती गुळगुळीत धातूवर घसरते. मोठा मासा ओढायला लागला की आतली सगळी गुंडाळीच्या गुंडाळी फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. म्हणून आधी 8 पौंडी साधी मोनो सुमारे 50 यार्ड भरा, मग तिला 150 यार्ड ब्रेडेड जोडा. 2500 च्या स्पूलमध्ये एवढं साधारण बरोबर बसतं आणि महागड्या ब्रेडेडची बचतही होते. रिळाच्या बाजूला क्षमता लिहिलेली असते, ती बघून मोनो दहा-वीस यार्ड कमी-जास्त करा. लाइन स्पूलच्या काठाखाली 3 मिलिमीटर राहायला हवी. त्याहून जास्त भरली की पुन्हा उड्या, कमी भरली की फेक आखूड.

भरताना दुकानातली रीळडबी जमिनीवर, लेबल वर करून ठेवा. लाइन रॉडच्या फक्त पहिल्या कडीतून घ्या आणि 15 वळसे भरा. मग रॉड जमिनीकडे नेऊन लाइन सैल सोडा. तिला पीळ पडताना दिसला तर डबी उलटी करा. ब्रेडेड भरताना ओल्या फडक्याच्या चिमटीतून, हाताला ओढ जाणवेल इतकी ताणून भरा. सैल भरलेली ब्रेडेड वरच्या वळशाखाली रुतते आणि ऐन फेकीत अडकते. वाऱ्याचे गुंते म्हणून जे ओळखले जातात, त्यांचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. दुसरं मूळ म्हणजे बेल. फेकल्यावर बेल हँडल फिरवून मिटवू नका, हातानं मिटवा आणि लाइन चिमटीत धरून एकदा हलकेच ताणा. मुलाला पहिल्या दिवसापासून ही सवय लावा, नंतर मोडत नाही.

लीडर जोडायला डबल युनी गाठ शिका. एफजी गाठ तिच्याहून सडपातळ असते, पण हलत्या बोटीत बांधायला कटकटीची. दोन्ही टोकं समोरासमोर ठेवून 20 सेंटिमीटर एकमेकांवर घ्या. ब्रेडेडच्या टोकाचा फासा करा आणि ते टोक फाशातून, दोन्ही दोऱ्यांभोवती 8 वेळा गुंडाळा, हलकेच आवळा. तसंच फ्लोरोच्या टोकाचं, पण 5 वेळा. ब्रेडेड निसरडी म्हणून तिला जास्त वळसे, फ्लोरो जाड म्हणून तिला कमी. दोन्ही गाठी थुंकीनं ओल्या करा, मग मूळ दोऱ्या विरुद्ध बाजूंना सावकाश ओढा. दोन गाठी सरकत एकमेकींना येऊन भिडतात. फ्लोरोचं टोक गाठीला लागून कापा, ब्रेडेडचं 3 मिलिमीटर ठेवा. लीडर दीड मीटरहून फार लांब ठेवू नका. 7 फुटी रॉडवर तेवढ्या लांबीत गाठ कड्यांमध्ये राहते, स्पूलवर चढत नाही. स्पूलवर चढलेली गाठ हा नवा गुंता.

गळाला पालोमार गाठ. फ्लोरोचं 15 सेंटिमीटर टोक दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून घाला, त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारा, गळ मागे उरलेल्या फाशातून पूर्ण बाहेर काढा, ओलं करा आणि दोन्ही टोकं धरून आवळा. दुहेरी दोऱ्या एकमेकींवर चढता कामा नयेत, समांतर बसायला हव्यात. चढल्या असतील तर पुन्हा बांधा. ‘चालेल’ म्हणून सोडलेली गाठच तुटते. कोरडी गाठ झटक्यात आवळणं तर सगळ्यात वाईट. घर्षणाची उष्णता फ्लोरोला भाजते, आणि ते डोळ्याला दिसतही नाही.

तुमचे दोन मासे कसे गेले ते लाइनच्या टोकावरून सांगता आलं असतं. पुढच्या वेळी तुटलं की टोक न बघता पुन्हा बांधू नका. टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ दिसला, तर गाठ सुटली. ती नीट आवळलेली नव्हती किंवा वळसे कमी होते. गाठीच्या अगदी वरच लाइन तुटून टोक पांढुरकं, चपटं झालं असेल, तर गाठ आवळताना भाजली. गाठीपासून लांब, खरखरीत, सोललेलं टोक म्हणजे घासून गेली. आणि सगळं नीट असून गळ सरळ झाला असेल तर दोष लाइनचा नाही, ड्रॅगचा.

झाडात गेलेला मासा बहुधा घासून गेला. लेक फोर्कचं पाणी 1980 साली अडवलं, तेव्हा तळातली झाडं पुष्कळशी तशीच उभी ठेवली होती. सुमारे 27 हजार एकरांच्या त्या पाण्यात खोडं-फांद्या आजही आहेत, आणि बास तिथेच राहतो म्हणून तुम्हीही तिथेच फेकणार. तेव्हा दर दहा-पंधरा फेकींनंतर, आणि प्रत्येक माशानंतर तर नक्कीच, शेवटचा मीटरभर लीडर दोन बोटांतून ओढून बघा. बोटं ओली असतील तर ओठांनी बघा, ते जास्त नाजूक खरखर पकडतात. खरखर लागली की 60 सेंटिमीटर कापायचं आणि गळ पुन्हा बांधायचा. लीडर अर्धा मीटर उरला की नवा. बास लागल्यावर पहिल्या दोन सेकंदांत त्याचं तोंड झाडाबाहेर वळवणं महत्त्वाचं. इथे ब्रेडेड तुमच्या बाजूनं असते, कारण जोर ताणण्यात वाया जात नाही.

बोटीपाशी गेलेल्या माशाचं कारण बहुतेक ड्रॅग. मासा जवळ आला की बाहेर लाइन थोडीच उरते, म्हणजे ताण पचवायला जागाच नसते. ब्रेडेडवर तर मुळीच नसेल, म्हणून ड्रॅग अंदाजानं ठेवू नका. भारतात येताना बॅगा मोजायचा हातकाटा घरात असेलच. लाइन कड्यांतून काढून काट्याच्या हुकाला बांधा, रॉड 45 अंशांत धरा आणि कोणाला तरी काटा सावकाश ओढायला सांगा. 10 पौंडी लीडरला सुमारे 1.1 किलोवर ड्रॅग सुटू लागायला हवा. म्हणजे लाइनच्या ताकदीचा पाव भाग. कमी वाटेल, पण गाठीत जाणारी ताकद, कड्यांमधलं घर्षण आणि माशाचा झटका धरले तर तेवढंच रास्त आहे. 10 पौंड हा आकडा माशाच्या वजनाचाही नाही. टेक्ससचा विक्रमी बास याच तलावातला, 1992 सालचा, 18.18 पौंडांचा. पण नेहमी लागणारे दोन-चार पौंडांचे, आणि पाण्यात मासा स्वतःच्या वजनानं लोंबकळत नसतो. लाइन तोडतात ती खोडं, गाठी आणि घट्ट आवळलेला ड्रॅग.

या एका जोडीत काय काय चालेल? मऊ प्लास्टिकचा 5 इंची किडा, 3/0 चा गळ आणि 5 ग्रॅमचं शिसं किंवा टंगस्टन, म्हणजे टेक्सस रिग: उत्तम. बिनवजनाचा किडा मधोमध टोचून सोडलेला, ड्रॉपशॉट (शिसं खाली, गळ वर), छोटा जिग (शिसं ओतलेला गळ), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष): सगळं चालतं. शिशाचा टणका खोडावर बसला की ब्रेडेडमधून बोटाला लगेच कळतं, मोनोवर ते कळायला वेळ लागला असता.

वरवर चालणाऱ्या आमिषाला मात्र फ्लोरो काढा. ती बुडते आणि पॉपरचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाचं, नाक खाली ओढते. तिथे 12 पौंडी मोनोचा 50-60 सेंटिमीटर लीडर लावा. मोनो ब्रेडेडपेक्षा ताठ असल्यानं तिहेरी गळांना गुंडाळत नाही. बासनं पाण्यावर फटका मारला की लगेच रॉड मारू नका, वजन जाणवेपर्यंत थांबा. ब्रेडेडवर घाई केली तर आमिष तोंडातून निघून येतं. क्रँकबेटलाही (ओढलं की बुडी मारणारं कडक आमिष) तोच धोका. त्याचे तिहेरी गळ बारीक असतात, न ताणणाऱ्या लाइनवर ते मांस फाडून सुटतात. लीडर ठेवा, ड्रॅग आणखी थोडा सैल करा, आणि रॉड झटक्यात न मारता कडेला ओढून घ्या. क्रँकबेटच्या बाबतीत आणखी एक: लाइन जितकी जाड तितकं ते कमी खोल जातं. डबीवर 10 फूट लिहिलं असेल ते ठरावीक जाडीच्या लाइनवर, जाड लाइनवर ते काही फूट वरच राहतं.

एक काम या रॉडवर करूच नका, ते म्हणजे हायड्रिलाच्या पाणगवतात रबरी बेडकाचं आमिष फेकणं. तिथे 50 ते 65 पौंडी ब्रेडेड, लीडरशिवाय, थेट बेडकाला, आणि हेवी पॉवरचा बेटकास्टर लागतो. माशापेक्षा गवतासाठी, कारण बास गवतात घुसला की पाच-सात किलो पाला घेऊनच वर येतो. जाड ब्रेडेड ते गवत कापत येते. मीडियम स्पिनिंग रॉड त्यात मोडेल.

तुम्ही रेवदंड्याचे म्हणून एक सावधगिरी, उलट्या दिशेची. जितडाही इंग्रजीत सी बासच म्हणवतो, पण त्याचं आणि या बासचं कूळ वेगळं. जितड्याच्या गालफडाची कड धारदार असते, त्याला जाड लीडर लागतो, आणि तो हिशेब तुमच्या हातात मुरलेला असेल. लार्जमाउथ बासचं तोंड पॉलिश पेपरसारखं, खालचा जबडा अंगठ्यानं धरून उचलता येतो. त्याच्यासाठी 30-40 पौंडी लीडर लावलात तर लहान आमिषाची चालच मरेल.

खरेदीत दोन गोष्टी बघा. लेबलवर ‘100 टक्के फ्लोरोकार्बन’ असं हवं. ‘फ्लोरो कोटेड’ म्हणजे आत नायलॉनच. आणि पौंडाशेजारी लिहिलेला व्यास वाचा, एकाच पौंडाच्या दोन कंपन्यांच्या लाइन जाडीला बऱ्याच वेगळ्या निघतात. लीडरचं वेगळं पॅक महाग मिळतं. साध्या 10 पौंडी फ्लोरोची डबी लीडरला तितकीच चालते आणि वर्षभर पुरते. मोनो दर हंगामाला बदला, आणि टेक्ससच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत रीळ ठेवू नका. ब्रेडेड दोन हंगाम सहज जाते. पुढचा भाग फिका, केसाळ झाला की उतरवून उलटी भरा, आतली कोरी बाजू वर येते.

मुलगा 17 च्या आतला, त्याला लायसन्स लागत नाही, तुम्हाला लागतं. लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला लार्जमाउथ ठेवता येत नाही, सोडावाच लागतो, म्हणून पट्टी जवळ असू द्या. नियम बदलतात, तेव्हा दर सप्टेंबरात टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफची नवी पुस्तिका बघून घ्या. कापलेले गुंते पाण्यात किंवा काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायांत अडकतात. बारीक तुकडे करून कचऱ्यात.

आणि उतरवलेली 12 पौंडी फ्लोरो फेकू नका. रिळात आतल्या बाजूला होती ती, न घासलेली, रिकाम्या डबीवर गुंडाळून ठेवा. दाट झाडांत जाल त्या दिवशी 10 च्या जागी तिचाच लीडर लावा. डबल युनीत तिलाही 5 वळसेच.